मागची सीट

१ नोव्हेंबर १९९३, सोमवार

आज निर्णय घेतला. मोटरसायकल घ्यायची. स्वतःची. पुढे बसून चालवायची.

कारण तसं क्षुल्लक आहे. लंच टाइममध्ये अकाउंट्सचा श्रीवास्तव एका नवीन माणसाशी माझी ओळख करून देत होता. म्हणाला, ये हैं बेलसरे साहब, सेफ्टी सेक्शन, टिपणीस साहब की स्टेपनी. सगळे हसले. मीही हसलो, मोठ्या मनाने. पण डबा अर्धा तसाच बंद केला.

स्टेपनी म्हणजे स्कूटरच्या मागे अडकवलेलं जादा चाक. गेली अकरा वर्षं मी मधुकर टिपणीसच्या स्कूटरवर मागे बसून अलीगंजहून हजरतगंजला रेल्वेच्या ऑफिसात जातो, ही गोष्ट खरी. पण मी काय नुसता बसतो? थंडीत स्कूटर चालू होत नाही तेव्हा तिला कुशीवर आडवी कोण करतं? दोघांचे डबे मांडीवर कोण धरतं? आणि मी नसतो तर मधुकरने वाटेत बोलायचं कुणाशी? हे श्रीवास्तवला कोण सांगणार.

चालवणं मला जड जाणार नाही. अकरा वर्षं इतक्या जवळून पाहतोय. थिअरी पक्की आहे, प्रॅक्टिकल तेवढं बाकी.

मधुकरला इतक्यात सांगायचं नाही. बिचाऱ्याला वाईट वाटेल. मित्राचं मन जपणं याला कुणी लपवाछपवी म्हणत नाही.

पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी दारात. ठरलं म्हणजे ठरलं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मधुकरचा हॉर्न. रोजच्यासारखे दोन छोटे, एक मोठा. आज तो ऐकून चोरपावलांनी जिना उतरलो. स्वतःच्या बायकोचा डोळा चुकवून सिनेमाला निघाल्यासारखं वाटलं, उगाचच.

जाताना त्याच्या मानेकडे बघत होतो. रस्त्यापेक्षा ही मानच मी जास्त पाहिली आहे. कॉलरजवळचे केस पांढरे झालेत. कधी झाले कळलं नाही.

सिकंदरबागच्या चौकात त्याने विचारलं, शशी, लाल आहे की हिरवा? मी म्हणालो, हिरवा. हल्ली हा प्रश्न रोज विचारतो. बोलायला विषय लागतो त्याला, दुसरं काय.

ऑफिसच्या गेटपाशी म्हणाला, तुला एक सांगायचं होतं. याला कुणी चुगली केली की काय? मी घाईने म्हणालो, अरे थंडी किती लवकर पडली यंदा! आणि जिना चढून गेलो. मागे वळून पाहिलं नाही.

६ नोव्हेंबर, शनिवार

गाडी निवडायला सुभेदार जयसिंग घोरपडे यांना बरोबर नेलं. मूळचे साताऱ्याचे, पोस्टिंग इथल्या कॅन्टोन्मेंटमध्ये. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. बुलेटशिवाय इतर कशाला ते गाडी मानत नाहीत.

आमचं सेफ्टीतलं डोकं. नवशिक्याला गाडी कशी हवी याचा मी नीट विचार केला होता. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. वजन असं हवं की कलंडली तर एकट्याला उचलता यावी. इंजिन लहान. पिकअप बेताचा. ब्रेक ताबडतोब. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, साहेब, मग सायकल घ्या की.

त्यांच्या आग्रहाखातर शोरूममधल्या बुलेटवर बसलो. उजवा पाय टेकला. डावा हवेत. मग डावा टेकला, तर उजवा हवेत. सेल्समन म्हणाला, सर, आदत हो जाएगी. कशाची आदत, पडण्याची? उतरलो.

नंतर शंभर सीसीची एक पाहिली. हलकी, देखणी, पाय टेकतात, पेट्रोलही घोट घोट पिते. माझ्या सगळ्या अटींत बसत होती. सुभेदारसुद्धा नाक मुरडत का होईना, ठीक आहे म्हणाले. सेल्समन सीटवर हात फिरवत म्हणाला, देखिए कितनी लंबी सीट है, पीछे आराम से एक आदमी.

तिथं माझं मन उडालं. का ते लगेच कळलं नाही.

घरी सुचित्राने विचारलं, झाली का पसंत? मी म्हणालो, विचार करतोय. तिने विचारलं, मधुकरभावजींना सांगितलं का? मी म्हणालो, योग्य वेळी सांगेन. ती म्हणाली, तुम्ही गाडी घेताय की पळून चाललाय? बायकांना प्रत्येक गोष्टीत नाट्य दिसतं.

१० नोव्हेंबर, बुधवार

पहिला धडा. कॅन्टोन्मेंटचं ग्राउंड, सुभेदारांची बुलेट. ऑफिसातून हाफ डे. मधुकरला सांगितलं, डेंटिस्टकडे जातोय. तो म्हणाला, सोडतो ना तुला, दातदुखीत टेम्पोने कशाला धक्के खातोस. मी नको नको म्हणालो तर माझ्या खिशात लवंग घालून गेला. लवंग टोचत राहिली, दुपारभर.

सुभेदार म्हणाले, बसा साहेब. मी बसलो. ते तसेच उभे. मीही वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला तेव्हा ते म्हणाले, साहेब, पुढं बसायचं असतं.

सवयीने मागच्या सीटवर बसलो होतो.

पुढचं विशेष लिहिण्यासारखं नाही. मधुकरच्या स्कूटरला गिअर डाव्या हातात आहे. तो हात मुरगळताना मी हजारदा पाहिलाय. बुलेटला गिअर पायात असतो हे मला माहीत होतं, पण माझ्या हाताला माहीत नव्हतं. हात मुरगळत राहिला, गाडी गुरगुरत राहिली. सुभेदार म्हणाले, थिअरी विसरा.

उद्यापासून रोज सकाळी दहा बैठका. पायात ताकद हवी.

१४ नोव्हेंबर, रविवार. पाडवा

मुहूर्त हुकला. पण घाईगडबडीत घेतलेली गाडी आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही निस्तरावी लागतात. पाडवा दर वर्षी येतो.

बैठका उद्यापासून. सणासुदीला नको.

मधुकर आणि नयनावहिनी फराळाला आले. परप्रांतात आपली माणसं ती किती. अलीगंजमध्ये तर मराठी घरं आमची दोनच. मधुकर आज गप्प होता. चहा बशीत ओतताना अर्धा टीपॉयवर ओतला. चिवड्याच्या ताटलीत हात घालायचा तर लाडवाच्या घातला. नयनावहिनी त्याच्याकडे रागाने बघत होत्या. काहीतरी बिनसलंय दोघांचं.

की त्याला कळलंय? मनातल्या मनात चिडलाय?

तेवढ्यात आमची अबोली, वय वर्षं बारा, मराठी सगळं समजतं पण तोंड उघडलं की हिंदी, बाहेर येऊन म्हणाली, पापा, बाइक कब आ रही है? मी म्हणालो, कुणाची बाइक, श्रीवास्तव अंकलची ना, येईल येईल. तिला आत नेऊन दोन करंज्या दिल्या. लाच नव्हे. सण होता.

बाहेर आलो तर मधुकर म्हणाला, शशी, जरा बस, एक सांगायचंय. मी धावत जाऊन अबोलीच्या मुंजीचा, छे, बारशाचा अल्बम घेऊन आलो. तास गेला. मधुकरने प्रत्येक फोटो नाकाला लावून पाहिला. किती प्रेमाने बघतो हा माणूस!

ते गेल्यावर फराळाचा डबा पुसल्यासारखा रिकामा आणि मी खुर्चीत. वाईट वाटलं. पण त्याच्या भल्यासाठीच.

२२ नोव्हेंबर, सोमवार

काल ग्राउंडवर पडलो. पडलो म्हणजे गाडी उभी होती. मी तिच्यावरून उतरताना पडलो. सुभेदार म्हणाले, एवढ्या सर्व्हिसमध्ये असं पाहिलं नाही. गुडघा सोलून निघाला.

आज मधुकरला सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. तो हॉर्न न वाजवता वर आला, मला हाताला धरून जिना उतरवला. पायरीपायरीला म्हणत होता, जपून. मजा म्हणजे शेवटच्या पायरीवर तोच अडखळला. मीच सावरलं त्याला. दोघं म्हातारे व्हायला लागलो.

ऑफिसात दिवसभर एक पोस्टर लिहीत बसलो. रेल्वे फाटकावर थांबा, दोन्हीकडे पाहा, मग जा. हिंदीत. हात चालत नव्हता. मी हल्ली कुठल्याच बाजूला पाहत नाही असं वाटलं. मग चहा मागवला, बरं वाटलं.

त्याला उद्या सांगून टाकायचं. नक्की.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्याचा मूड बरा नव्हता. उद्या.

५ डिसेंबर, रविवार

मन का उडालं होतं ते आज उमगलं. लांब सीट!

विचार केला. उद्या मी नवी गाडी घेऊन निघालो, मागे ऐसपैस सीट. मधुकर आपल्या स्कूटरवर शेजारून जाणार. तो एकटा, मी एकटा. लोक काय म्हणतील? अकरा वर्षं याला बसवलं, आणि याची सीट रिकामी! त्यापेक्षा सीटच नसली तर? मग प्रश्नच मिटला. कुणाला बसवायला जागाच नाही म्हटल्यावर कुणाला बसवलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

शिवाय हे शास्त्रशुद्ध आहे. नवशिक्याने मागे माणूस बसवणं धोक्याचं. मी सेफ्टीचा माणूस, दुसऱ्याच्या जिवाशी खेळणार नाही. म्हणजे सिंगल सीट घेण्यात मधुकरचंच भलं आहे. हे सुचल्यावर इतकं हलकं वाटलं की दोन वेळा आमटी घेतली.

सुचित्राला समजावलं. ती म्हणाली, मला कुठं बसवणार? हा मुद्दा राहून गेला होता. म्हणालो, तुला मागाहून रिक्षा करून देईन. अबोली हसली. सुचित्रा नाही.

१२ डिसेंबर, रविवार

गाडी मिळाली! ईश्वरी योजना.

आमचा दूधवाला रामसजीवन नवीन गाडी घेतोय, जुनी राजदूत काढून टाकायची म्हणाला. पाहिली. माझ्या सगळ्या अटी तिला लागू. पाय टेकतात. वजन बेताचं. इंजिन वयाने शांत झालेलं. आणि पुढे एकच सीट. मागे लोखंडी कॅरिअर, भक्कम, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनसाठी आकडे. सीट लावायला जागाच नाही. रामसजीवन म्हणाला, साहब, इस पर अस्सी लीटर जाता है, हिलता नहीं. फायलींना उत्तम.

सुभेदारांनी गाडीभोवती एक फेरी मारली. नुसतं, जय हिंद, म्हणाले.

गाडी सध्या त्यांच्या क्वार्टरच्या मागे ठेवली आहे. हात बसला की घरी आणीन. बुलेटवर गिअर उजव्या पायाने शिकलो, हिचा डाव्यात आहे. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पण शिकणाऱ्याला वय नसतं.

संध्याकाळी नयनावहिनींनी वांग्याचं भरीत पाठवलं, माझ्या गुडघ्याला बरं म्हणून. भरताने गुडघा कसा बरा होतो ते माहीत नाही. खाल्लं. डबा परत करायला अबोलीला पाठवलं.

२६ डिसेंबर, रविवार

पहिला गिअर येतो. दुसरा कधी येतो, कधी न्यूट्रल येतो. तिसऱ्याची गरज शहरात पडत नाही.

ग्राउंडवर एक म्हैस माझ्या मागे लागली होती. गाडीला वास असेल.

४ जानेवारी १९९४, मंगळवार

आज वाईट झालं.

सकाळी दाट धुकं. मधुकर अगदी हळू चालवत होता. निशातगंजच्या बाजारात समोर एक भाजीचा ठेला उभा. मला मागून कडेने दिसला, चांगला मोठा, वर बटाट्याचा ढीग. मला वाटलं, त्यालाही दिसला असेलच. तो सरळ जाऊन त्यावर आदळला.

लागलं कुणाला नाही. बटाटे मात्र रस्ताभर. ठेलेवाला ओरडायला लागला, अंधे हो क्या! मधुकर एरवी असल्यांना दोन शब्द सुनावतो. आज फुटपाथवर बसून राहिला. मग म्हणाला, शशी, आता तुला सांगितलंच पाहिजे.

मी म्हणालो, आधी बटाटे गोळा करू.

खरं सांगायचं तर मी घाबरलो. वाटलं, याला सगळं कळलंय. रागाच्या भरात गाडी घातली त्याने ठेल्यावर. आणि आता इथं, भर बाजारात, मला जाब विचारणार. मी वाकून बटाटे वेचत राहिलो. एका बाईच्या चपलेखालचा बटाटासुद्धा काढला. तिथून पुढे स्कूटर ढकलत नेली, मी ढकलली. तो शेजारून माझा दंड धरून चालत होता.

मी नीच आहे का? नाही, तसं नाही. पण काहीतरी आहे.

७ जानेवारी, शुक्रवार

मधुकर रजेवर. मी तीन दिवस टेम्पोने जातोय. आठ माणसांच्या टेम्पोत बारावा. मला टेम्पोत मळमळतं. आज सिकंदरबागेपाशी उतरून झाडाखाली उभा राहिलो.

त्याच्या घरी जाऊन यायला हवं होतं. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतो. काल दारापर्यंत गेलो. आत नयनावहिनींचा आवाज ऐकू आला, अहो, त्यांना तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. परत फिरलो.

रविवारी गाडी घरी आणायची. मग मी स्वतः त्याच्या दारी जाणार, त्याच्यासारखाच हॉर्न देणार, आणि सगळं सांगणार. मर्दासारखं.

९ जानेवारी, रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

सुभेदारांनी गाडी आणून दिली. मी मागून टेम्पोने आलो, कॅरिअरवर बसणं शक्य नव्हतं. सुचित्राने गाडीला कुंकू लावलं. ओवाळताना तिला दुधाचा वास आला, पण तिने ओवाळणं पुरं केलं. तोच दारात सायकलरिक्षा थांबली. मधुकर आणि नयनावहिनी. एवढ्या जवळून रिक्षा? वहिनींनी त्याला हात धरून उतरवलं.

लपवायला वेळ नव्हता. मी गाडीपुढे उभा राहिलो. मोटरसायकल काही माणसाआड लपत नाही.

मधुकर जवळ आला. हाताने चाचपडत आला. म्हणाला, शशी, कुणाची रे ही? सुचित्राच म्हणाली, आमची, भावजी.

मला वाटलं, आता बोलणं बंद करणार हा माझ्याशी. मधुकरने माझा हात हातात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, वाचवलंस रे मला.

मग त्याने सांगितलं. शेवटी ऐकलं मी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दसऱ्यालाच डॉक्टरने बजावलं होतं, गाडी चालवायची नाही. अजून पिकला नाही, मार्चमध्ये काढू म्हणाले. डाव्या डोळ्यात मागच्या बाजूला काहीतरी खराब आहे, त्याची खात्री देत नाहीत. वहिनी रोज भांडत होत्या की आता स्कूटर बंद करा. हा म्हणायचा, शशीचं काय? त्याला टेम्पो सोसत नाही. त्याची काहीतरी सोय होऊ दे, मग बंद करतो. दिवाळीच्या आधीपासून मला सांगायला बघत होता, जमलं नाही.

म्हणाला, तुला कसं सांगावं कळेना. वाटायचं, तुझी गैरसोय करतोय. अपराधी वाटायचं रे.

त्याला! अपराधी!

मग तो मोठ्याने हसला. म्हणाला, आता तू पुढे, मी मागे. हौस फिटू दे तुझी. आणि लहान पोरासारखा गाडीवरून हात फिरवायला लागला. हँडल. टाकी. पुढची सीट. हात मागे गेला आणि लोखंडावर थांबला. एक पट्टी चाचपली, दुसरी चाचपली, आकडा चाचपला. विचारलं, शशी, हे काय आहे?

म्हणालो, कॅरिअर.

विचारलं, आणि सीट?

म्हणालो, बनवायला टाकली आहे.

अबोली म्हणाली, पर पापा, आपने तो कहा था सीट ना हो तभी लेंगे.

सुचित्रा चहा करायला आत गेली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मधुकरचा हात अजून कॅरिअरवरच होता. त्याने तो हळूच काढला, रुमालाने पुसला, आणि म्हणाला, दूधवाल्यांच्या गाड्या अशाच असतात. दणकट असतात.

चहा घेतला. गेले.

११ जानेवारी, मंगळवार

सगळीकडे हिंडलो. सीट बनवणारा म्हणतो, हे कॅरिअर चेसिसला वेल्ड केलंय, कापावं लागेल. आणि आता खिचडीनंतर. खिचडी म्हणजे आपली संक्रांत. मी म्हणालो, दुप्पट देतो. तो म्हणाला, बाबूजी, त्योहार त्योहार है.

सुचित्रा परवापासून कामापुरतं बोलते. अबोलीला विचारलं, तू तसं का म्हणालीस? ती म्हणाली, झूठ थोड़ी बोला. खोटं नव्हतं हे खरं आहे.

मधुकरने स्कूटर विकली. आजच. निशातगंजच्या एका अंडीवाल्याला. माझी गाडी आली ना, मग ठेवून करू काय, असं वहिनींना म्हणाला म्हणे. माझ्या भरवशावर.

१३ जानेवारी, गुरुवार

ठरवलं. उद्या संक्रांत. तिळाची वडी त्याच्या हातावर ठेवायची आणि स्वच्छ सांगायचं. मधू, सीट बनवायला टाकली नव्हती. मी मुद्दाम बिनसीटची घेतली. तुला बसवावं लागू नये म्हणून. तुझं मन जपायला नव्हे, मला लाज वाटायची म्हणून. स्टेपनी म्हणाले म्हणून.

वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसाला पटलं नाही, तरी म्हणायचं. मग दोघंही टेम्पोने जाऊ.

वडी कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

सकाळी खाली उतरलो तर मधुकर आणि वहिनी गाडीपाशी उभे. मधुकरच्या काखेत काहीतरी काळं. म्हणाला, अंडीवाल्याला मागची सीट नको होती, तिथं तो ट्रे ठेवणार आहे. मी काढून घेतली.

स्कूटरची मागची सीट. माझी. काळं रेक्झिन, डाव्या कोपऱ्यात फाटलं होतं तिथं मीच कधीतरी चिकटपट्टी लावली होती. मधोमध खोलगट झालेली. मधुकर तिथं थोपटून म्हणाला, बघ, तुझ्या मापाचा खड्डा पडलाय, मला सैल होईल.

वहिनींनी कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. दोघांनी मिळून सीट कॅरिअरला करकचून बांधली. मी नुसता उभा. काय करावं ते सुचेना. बांधून झाल्यावर वहिनींनी तिच्यावर जोर देऊन पाहिला. मग माझ्याकडे बघून, सावकाश न्या यांना, एवढंच म्हणाल्या.

तो बसला. दोन्ही डबे मांडीवर घेतले. एक हात माझ्या खांद्यावर.

निघालो. आणि लक्षात आलं, मला हा रस्ताच माहीत नाही. अकरा वर्षं मी त्याच्या मानेआडून डावीकडे बघत जात होतो. डावीकडचं प्रत्येक दुकान पाठ, पण समोरून रस्ता कुठं वळतो, पत्ता नाही. मधुकरला दिसत नव्हतं, पण रस्ता त्याला तोंडपाठ. मागून सांगत होता, आता खड्डा येईल, उजवीकडून घे. आता शाळा, हळू. आता दुसरा टाक. सिकंदरबागेच्या आधी विचारलं, लाल की हिरवा? मी म्हणालो, लाल. तो म्हणाला, मग थांब की रे.

त्याआधी निशातगंजच्या पुलावर गाडी बंद पडली होती, चढाला. किक मारत होतो तर एक बाई स्टीलचा डबा घेऊन धावत आली. म्हणाली, भैया, आधा लीटर. मी मान खाली घातली. मधुकर म्हणाला, आज खतम हो गया, बहनजी.

गेटवर श्रीवास्तव उभा होता. म्हणाला, अरे, आज स्टेपनी आगे लगी है! सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मधुकर हसला.

पण ते नंतर. पुलावर, गाडी पुन्हा चालू झाली तेव्हाची गोष्ट लिहायची राहिली. खांद्यावर त्याचा हात होता, घट्ट. मागच्या माणसाचं वजन किती लागतं हे मी त्याला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. लागतं. प्रत्येक वळणाला लागतं. म्हटलं, आत्ताच बोलून टाकू, नाहीतर कधीच होणार नाही.

म्हणालो, मधू, तुला एक सांगायचं होतं.

तो म्हणाला, पुढे बघ.

खिशातल्या वडीचा चुरा झाला. घरी येऊन एकट्याने खाल्ला.